राणीच्या तोंडावरचा डाग

तिकडे साता समुद्रापार कापूस पिकवणारे गोरे आपसात लढत होते आणि इकडे वऱ्हाडात त्यांच्या लढाईची दिवाळी चालली होती. कापसाचं सोनं झालं होतं. काल दुसऱ्याचे बैल राखणारा आज आडत्या म्हणून मिरवत होता, आणि आडत्या म्हटला की मुंबईला रोज पत्र. अमरावतीचं टपालघर मात्र होतं तेवढंच. खिडकी बंद झाली की झाली, आणि उघडी असली तरी कधीकधी तिकिटंच संपलेली. तिथे कमलाकांताची चांदी व्हायची.

कमलाकांत एका पेढीवर पत्रं लिहिणारा कारकून. अर्ध्या आण्याचं निळं तिकीट, त्यावर राणीचं तोंड, ते तो घरच्या ओसरीवर एका आण्याला विकायचा. लोक शिव्या द्यायचे आणि घेऊन जायचे. माल पुरवायचा अकोल्याचा देवीदास. तो एका पेढीचा शिपाई. दर पंधरा दिवसांनी कापसाच्या गाड्यांबरोबर यायचा आणि कनवटीची पुडी सोडायचा. तिकिटं कोरी, टपालाचा ठसा न पडलेली, पण मागचा डिंक धुऊन गेलेला. आता धुतलेला डिंक पाहून शहाण्या माणसाने काय समजावं? कमलाकांताने एकदाच विचारलं, "कुठून आणतोस रे?"

"पंत, तुमाले आंबे खायाशी मतलब का कोया मोजाशी?" देवीदास म्हणाला. पंतांनी आंबे खाल्ले.

कमलाकांताची धाकटी बहीण गोदावरी अकोल्याला दिलेली. दिलेली म्हणजे उरकलेली. नवरा मोरोपंत बीजवर, पण घर खाऊनपिऊन सुखी, हुंडा मागितला नाही, एवढंच पाहिलं. पहिली बायको विहिरीवर पाय घसरून गेली, असं ते लोक सांगत. शिमग्याला माहेरी आली तेव्हा गोदा भावाला हळूच म्हणाली, "दादा, त्या विहिरीचा काठ कोरडा असतो रे. बारा महिने कोरडा."

तिला ठेवून घ्यायची छाती कमलाकांताला झाली नाही. लोक काय म्हणतील, हे आपलं ठरलेलं. पण त्याने एक युक्ती काढली. वडील काशीला वारले तेव्हा कोपरा फाडलेलं पत्र आलं होतं. मयताच्या पत्राचा कोपरा फाडायची रीतच आहे. आईला अक्षर कळत नव्हतं, तरी पत्र हातात घेताच ती मटकन खाली बसली होती. म्हणजे अक्षरशत्रू बाईलाही लखोटा वाचता येतो. मग गोदेला लिहिता का येऊ नये?

त्याने बारा लखोट्यांवर आपला पत्ता घातला आणि आत कोरे कागद घातले. तिकीट कुठे चिकटवायचं हे गोदेला कळावं म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल शाईने 'श्री' काढला. बारा तिकिटं दिली आणि म्हणाला, "महिन्याला एक धाड. गल्लीच्या टोकाला वाणी आहे ना, त्याच्याकडे ठेव, तिथून टपालात जाईल. सुखरूप असलीस तर तिकिटावर हळदीचं बोट टेकव. आणि..."

पुढचं त्याला बोलवेना. गोदाच म्हणाली, "आणि न्यायला यायचं असेल तर काजळाचं."

सासूने लखोटा फोडला तरी आत कोरा कागद. राणीच्या तोंडावर डाग कसला, हे कोण बघतं? आईने घरी पाडलेल्या काजळाची डबी गोदेने जाताना पदराखाली घेतली.

चैत्रात हळद आली. वैशाखात हळद आली, आईने लखोटा देवापाशी ठेवला. ज्येष्ठ पत्राविना गेला.

"गोदेचं पत्र नाही रे आलं," आई म्हणायची.

"येईल गं. नदीनाल्यांना पाणी आहे, हरकारे अडकले असतील. बडनेऱ्याला एकदा आगगाडी येऊ दे, मग बघ."

मुलाला टपालातलं कळतं, असं त्या माउलीला वाटायचं. ती गप्प बसायची. खरं सांगायचं तर कमलाकांताला शोध घ्यायला सवड नव्हती. धंदा ऐन भरात होता. ज्येष्ठातल्याच पुडीत एक तिकीट काळं निघालं होतं. "कंदिलाची काजळी," असं म्हणून त्याने ते धोतराच्या टोकाने खसाखसा पुसलं, थोडं गेलं, थोडं राहिलं, आणि घाईतल्या एका आडत्याच्या गळ्यात मारलं. काजळी म्हणाला तो. एका वेलांटीने माणूस केवढा आंधळा होतो.

आषाढात देवीदास भरदुपारी आला. ओसरीवर पुडी सोडून बसला. आई त्याच्यासाठी ताक आणायला आत गेली. कमलाकांत एकेक तिकीट उलटंपालटं करू लागला. दोन पुन्हा काळी होती, आणि एकाचा तर कोपराच नव्हता.

"काय रे, दिवसेंदिवस माल बिघडवत चाललास. हे फाटकं कोण घेणार? याचे पैसे मिळायचे नाहीत."

"त्याचे नकोच जी मले. ते तसंच ठेवा."

हा कवडी न सोडणारा माणूस. कमलाकांताला नवल वाटलं, पण फुकटचं कोणाला नको असतं? त्याने फडकं ओलं केलं आणि काळं तिकीट पुसायला घेतलं. डाग जाईना. राणीच्या गालावरून पसरून तो हनुवटीपर्यंत आला. कमलाकांताचं बोट काळं झालं, तेलकट झालं. काजळी कोरडी असते. त्याने बोट नाकाशी नेलं. एरंडेल आणि कापूर. लहानपणी न्हाऊ घातल्यावर आई त्याच्याही डोळ्यांत हेच घालायची.

त्याने फडकं खाली टाकलं. "देवीदास, कुठून आणलीस ही?"

"पुन्हा कोया मोजून राहिले का?"

"कुठून आणलीस ते सांग."

देवीदास जरा चपापला. "गल्लीच्या टोकाच्या वाण्याकडं पत्रं जमतात. ज्येष्ठापासून टपालात टाकाचं काम माह्याकडं. गावाबाहेर पडकी विहीर हाय, तिच्या पाण्यात भिजवतो, तिकीट सुटून येते. कागद तिथंच सोडतो. काळं एक मांगं देलं होतं, हे दोन आता सापडले. मले थोडंच वाचता येते, का कोनाचं हाय?"

तीन लखोटे. तीनदा बोट काजळात बुडवलं होतं तिने. तीनदा हाक मारली होती, आणि पहिली हाक भावाने नफा घेऊन विकली होती. बैलगाडीने अकोला तीन दिवस. आत्ता निघालं तर, कमलाकांत मनात म्हणाला, आत्ता निघालं तर परवा संध्याकाळपर्यंत. तो उठलाच.

"आणि हे फाटकं?" त्याने उठता उठता विचारलं.

"ते तं सगळ्यात मांगून आलं, आठ दिवस झाले. मयताचं पत्र व्हतं जी, मनून पैसे नाई घेतले. अशुभाचे पैसे लागत नाईत." मग आपली बाजू सावरत तो म्हणाला, "मानूस तं गेलंच होतं. पत्राले कायची घाई?"

अकोल्यात माणसं काय एकाच घरात मरतात? कमलाकांताने हाच एक धागा धरला. ते तिकीट त्याने तळहातावर उलटं केलं. मागे लखोट्याच्या कागदाचा नखाएवढा पापुद्रा चिकटून राहिला होता. त्यावर लाल शाई होती. पाण्याने फुटलेली, तरी वाचता येण्याजोगी. 'श्री'चं वळण त्याचं स्वतःचं होतं. तिच्या उरलेल्या लखोट्यांतलाच एक सासरच्यांनी वापरला होता, पत्ता घालायची तसदीसुद्धा पडली नव्हती.

आई ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली. देवीदाससमोर तो ठेवत म्हणाली, "अकोल्याहून आलास ना रे बाबा? आमच्या गोदेचं काही पत्र वगैरे?"

तिने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या उघड्या तळहाताकडे. वाकून ते निळं तिकीट तिने उचललं आणि उजेडात धरलं.

"कमल," ती म्हणाली, "याचा कोपरा कुठे आहे?"