आबासाहेबांच्या कुरणातलं पिल्लू

चौतीस सालच्या आखाडात आबासाहेबांचे जावई हिंदुराव बंदूक घेऊन करमाळ्याकडच्या सासुरवाडीला आले. श्रावण तोंडावर होता. त्याआधी ताटात एखादं रानपाखरू पडावं, एवढीच त्यांची इच्छा. आबासाहेबांनी मलाही माळावर नेलं. मी निवृत्त शिक्षक. पक्ष्यांवरची पुस्तकं वाचतो, एवढीच माझी कीर्ती, आणि तीही मला फारशी पटत नाही.

माळढोक काही दिसला नाही. पूर्वी इथे त्यांचे थवे चरत. बंदुका वाढल्या तसे ते विरळ झाले. पण राखलेल्या कुरणातून माळढोकाहून बरंच लहान असं एक काळं पाखरू उसळी मारून वर आलं आणि पंख फडफडवत पुन्हा गवतात बुडालं. तणमोर!

हिंदुरावांनी बंदूक उचलली.

"थांबा की जावईबापू," आबासाहेब म्हणाले. "माळढोकाचं पिल्लू हाय ते. मोठं हुईल तवा गावजेवण घालू. आता मारून एक घास तरी हुईल का? व्हय न्हवं, गुरुजी?"

नुसतं 'हो' म्हटलं की पाखरू वाचत होतं. पण चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणणं मला जन्मात जमलं नाही.

"नाही," मी पुटपुटलो. "कूळ एक, पण जात निराळी. माळढोक उघड्या माळावर राहतो, हा उंच गवतात. आणि हे पिल्लू नव्हे, पुरता वाढलेला नर आहे. मादीला दिसावं म्हणून उड्या मारतो. निदान पुस्तकात तरी तसं आहे. हेही आता कमी होत चाललेत, म्हणून..."

हिंदुरावांनी पुन्हा नेम धरला. मी डोळे मिटले.

"माळढोकावानी दिसत न्हाय म्हून म्हंता व्हय?" आबासाहेब हसले. "बेडकाचं पिल्लू तरी बेडकावानी दिसतं का, गुरुजी? त्याला तर शेपूट असतंय."

हिंदुरावही हसले. "ह्ये मातूर खरं, मामा." त्यांनी बंदूक खाली घेऊन खांद्याला अडकवली. "वाढू द्या मग."

"गुरुजी लई वाचत्यात," आबासाहेब जावयाला समजावत होते, "पर माळावर कवा येत्यात?"

मी मान खाली घालून मागून चालत राहिलो. माझं म्हणणं लोकांना पटत नाही याचं आयुष्यभर वाईट वाटत आलं होतं. त्या दिवशी मात्र वाटलं नाही. मागे गवतात ते पिल्लू पुन्हा उसळलं.