पोत्यातली फळी

गफार मिस्त्री सकाळी दुकानात शिरले की आधी कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोत्यावर हात ठेवत. जाता जाता बैलाच्या पाठीवर थाप द्यावी, तसा. मग चष्मा पुसून कामाला लागत. दोन वर्षांचा हा नेम. पण गेले बारा दिवस तो हात पोत्यावर पडला, की त्यांची सून मदिहा दुसरीकडे बघे. पोत्यात आता सागवानाची फळी नव्हती. प्लायची दोन टाकाऊ फळकुटं होती, आणि ती तिनंच भरली होती.

मदिहाचा नवरा झुबेर उसाच्या हंगामात ढोकीला ट्रॅक्टरवर असे. सासऱ्यांचा हात थरथरायला लागला, तसा रंधा तिनं हाती घेतला. सास्तूरच्या बायका म्हणत, बाई गं, हिच्या पदराला पीठ न्हाय, भुसा असतो. दीड वर्षाची युसरा दुकानातल्या झोळीत निजली की तेवढाच तिचा वेळ.

लोहाऱ्याच्या शिवप्रिया मॅडमनी असं करून द्या म्हणून एक फोटो पाठवला होता. जपानी धाटणीचं पुस्तकांचं कपाट, खिळा एकही नाही. मदिहानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ते आखलं. उंची साडेसहा फूट. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आरपार खाचा, त्या खाचांतून कप्प्यांची टोकं बाहेर काढायची आणि टोकात लाकडी पाचर ठोकायची. माथ्याच्या फळीच्या दोन्ही कडा किंचित वर उचललेल्या. कप्पे एका रांगेत नाहीत, कुठं वर, कुठं खाली, मधे मोकळं. मिस्त्रींनी कागद डोळ्यांशी नेला आणि विचारलं, ह्यात पुस्तकं ठेवायची का वारं? पण पाचरी दिसल्या तसे खूष झाले. म्हणाले, ही तर आपली बैलगाडीच, जपान्यांनी कवा बघितली?

सगळं जमलं, बाजूंचं लाकूड तेवढं जमेना. फोटोत दोन्ही बाजू एकाच फळीतून निघालेल्या, रेषा आरशात बघितल्यासारख्या समोरासमोर. मदिहाला अगदी तेच हवं होतं. हे तिच्या एकटीच्या हातचं पहिलं काम. वखारीतून आणलेल्या फळ्यांना चिरा निघाल्या. मिस्त्री तीन दिवस येरमाळ्याला दारं बसवायला गेलेले. तिनं पोत्याची गाठ सोडली. दोन फूट रुंद, एकसंध सागवान. उभं चिरलं की दोन बाजू तयार.

ती फळी कशासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. असलं कुणी घरात बोलतही नाही. पण दोन वर्षांपूर्वी सासू, फरिदाबी गेल्या, तेव्हा त्यांना अखेरचं गुसल घालणाऱ्या बायकांत मदिहा होती. ज्यावर गावातल्या प्रत्येक मय्यतीला न्हाऊ घालतात, तो मशिदीतला तख्ता जुना झाला होता, मधे खोल गेलेला. पाणी वाहून जाईना, फरिदाबींच्या पाठीखाली साचून राही. मदिहानं त्यांना कुशीवर धरून दोनदा ते हातानं निपटलं. बायकांकडून ही गोष्ट मिस्त्रींच्या कानी गेली, आणि चाळिसाव्याच्या आत नव्या तख्त्यासाठी फळी दुकानात आली; पण हात साथ देईना, तशी ती पोत्यातच राहिली. यात न कळण्यासारखं काय होतं? तिला कळलंच होतं. तरी करवतीचं बटण दाबताना ती मनाशी म्हणाली, मला कुठं कोण बोललंय?

मिस्त्री परतले तेव्हा खाचासुद्धा पाडून झाल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यांनी लांबूनच बघून विचारलं, वखारवाल्यानं बदलून दिली का? ती व्हय म्हणाली.

कपाट झालं. गुरुवारी टेम्पो यायचा होता. बुधवारी दुपारी मिस्त्री ते बघायला उभे राहिले. फरिदानं बघायला पाहिजे होतं, म्हणाले. बाजूच्या फळीवरून तळवा फिरवत खाली आले आणि लाकडातल्या एका ओळखीच्या गाठीपाशी थांबले. परत फिरवला. मग कोपऱ्यात गेले. पोतं सोडलं नाही, नुसतं एका टोकाला उचलून वजन घेतलं आणि हळूच जागेवर ठेवलं.

मदिहाचा झोळी हलवणारा हात थांबला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले.

"तुला कोण सांगणार, बेटा? म्याच कुणाला बोललो न्हाय. माझी चूक हाय."

एवढं म्हणून ते चष्मा पुसू लागले. वाट मोकळी होती. तिनं नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं. न मागता माफी पदरात पडली असती, वर त्यांनाच दोन दिवस वाईट वाटत राहिलं असतं. झोळीत युसरानं कूस बदलली.

"मला ठाऊक होतं, अब्बा," मदिहा म्हणाली. "अम्मींच्या पाठीखालचं पाणी ह्याच हातानं काढलं म्या. तरी कापली. पोतं बी म्याच भरून ठेवलं."

चष्मा पुसणारं बोट थांबलं. मदिहानं लाकडी हातोडा उचलला आणि पहिली पाचर उलटी ठोकली. बिनखिळ्याचं कपाट, जसं जुळलं तसंच सुटत गेलं. दोन्ही बाजू तिनं जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. रेषेला रेषा भिडली. पण दोन्हींत पाच पाच खाचा, आरपार. ती सागवानाचे तुकडे गोळा करायला लागली. बुजवते म्हणाली, कळणार न्हाय अशा बुजवते.

"बुजवू नको," मिस्त्री म्हणाले. आवाज कोरडा होता. "पाणी जायला वाट लागती."

मग ते खाली बसले आणि तिला कडेवर रंधा मारता यावा म्हणून फळीचं टोक धरलं. त्या दिवसभरात त्यांनी तिला पुन्हा बेटा म्हटलं नाही.

मॅडमना तिनं फोन करून पंधरा दिवस मागून घेतले. जुम्म्याला तख्ता मशिदीत गेला. मधला जोड बोटालाही लागत नव्हता.

शनिवारी सकाळी मिस्त्री दुकानात आले. सवयीनं हात कोपऱ्याकडे गेला आणि रिकाम्या भिंतीपाशी जरा वेळ तसाच राहिला. मदिहा दुसऱ्या फळ्या तासत होती. तिनं मान वर केली नाही.