पिवळं जाकीट

हात पसरायचा म्हटलं की माझी मान ताठ होते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणणारी माणसं मी रोज बघते, आणि त्यांच्यातलं एक व्हायचं नाही हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. पण त्या दोन महिन्यांत दुकानात शिरलेल्या एकाही माणसाला मी सोडलं नाही. पॅन्टची उंची मोजता मोजता, तोंडात टाचण्या धरून, मी सांगायची की माझ्या मुलीच्या शाळेचा रोबो देशात पहिला आलाय, आता परदेशात सामना आहे आणि तिकिटांचे पैसे शाळेकडे नाहीत. घोट्यापाशी टाचणी घेऊन बसलेल्या बाईला नाही म्हणायला फारसं कुणी धजत नाही.

मुलीलाही आम्ही टाचणीच म्हणतो. अंगाने बारीक, आणि बोलली की टोचतं. वय सोळा, शाळेचं शेवटचं वर्ष. स्पर्धा फक्त शाळेतल्या मुलांची, त्यामुळे जायचं तर यंदाच. टीममध्ये चौघं: ती, एक उंच मुलगा आणि दोन जुळ्या बहिणी. त्यांना शिकवणारे वर्कशॉप सर. उंच मुलाची मावशी दवाखान्यात नर्स आहे, तिची व्हॅन होती म्हणून तीही आमच्यात ओढली गेली. सरांबरोबर आणखी एका मोठ्या माणसाने जायचं होतं आणि ते मोठं माणूस मी, असं सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. मी कधी विमानात बसले नव्हते. पासपोर्ट आला त्या दिवशी मी तो दुकानाच्या गल्ल्यात ठेवला आणि गिऱ्हाईक नसलं की उघडून बघायची. फोटो चोरासारखा आला होता, तरी बघायची.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सगळे पैसे भरायचे होते. नाही भरले तर जागा दुसऱ्या आलेल्या शाळेला. सोमवार उजाडला तरी आमचा एक तृतीयांश खड्डा तसाच होता. मला जेवण जाईना. टाचणी रात्री झोपेत काहीतरी पुटपुटायची आणि सकाळी विचारलं तर 'काही नाही' म्हणायची. तिचे बाबा बस चालवतात, त्यांनी जादा पाळ्या घेतल्या. पण जादा पाळ्यांनी असले खड्डे भरत नाहीत हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो.

सोमवारी संध्याकाळी सरांचा फोन आला. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने बुधवारी अकरा वाजता बोलावलं होतं. दहा मिनिटं देणार होता. रोबो चालवून दाखवायचा, आवडला तर उरलेली सगळी रक्कम एकटा देणार.

मला आनंदाने काही सुचेना, आणि मला काही सुचेना झालं की मी शिवायला बसते. मंगळवारी दुकान बंद ठेवून मी पाच जाकिटं शिवली. बिनबाह्यांची, झगझगीत पिवळी, लांबूनही नजरेत भरतील अशी. चार मुलांना आणि एक खास मालकाला, छातीवर त्याच्या कारखान्याचं नाव भरून. कुणाला सांगितलं नाही. ऐन वेळी देऊन सगळ्यांना खूश करायचं होतं.

आता त्या रोबोबद्दल सांगायला हवं. मुलं त्याला 'हावरट' म्हणायची. गुडघ्याएवढा उंच, दोन माणसांनी उचलावा एवढा जड, पुढे एक लोखंडी हात. जमिनीवर पसरलेल्या चकत्या कॅमेऱ्याने शोधायच्या, उचलायच्या आणि खोक्यात टाकायच्या, एवढंच त्याचं काम. एकदा सुरू केला की दोन मिनिटं तो आपला आपण चालतो. त्याला एक लांब वायर, वायरीच्या टोकाला त्याला जागीच बंद करणारं लाल बटण, आणि त्या बटणावर कायम एकाचा अंगठा. बटणावर जो असेल त्याने कुणाचं ऐकायचं नाही, हा सरांचा नियम. सर स्वतः 'दाब' म्हणाले किंवा 'नको' म्हणाले, तरी त्याने फक्त रोबोकडे बघायचं. टाचणीचा हट्टी स्वभाव बघून सरांनी ते काम तिलाच दिलं होतं.

बुधवारी कारखान्याच्या मालवाहू दरवाजापाशी मी पिशवीतून जाकिटं काढली. चौघांचेही चेहरे पडले.

"आई, पिवळं?" टाचणी म्हणाली.

"का? चांगला रंग आहे."

"अगं, चकत्या पिवळ्या आहेत. तो पिवळंच शोधतो."

आता तिच्या रोबोची प्रत्येक खोड मला कशी ठाऊक असणार? पण दिवसभर वाकून शिवलेलं पोरांनी असं हातातही न घेणं मला झोंबलं. "दोन महिने पैसे मागताना चालते मी, आणि माझं शिवलेलं चालत नाही," असं काहीतरी मी बोलले. जुळ्यांपैकी एकीने मुकाट्याने चारही जाकिटं घडी करून पिशवीत ठेवली आणि मुलं मांडामांड करायला गेली. पाचवं माझ्या हातातच राहिलं.

मालक आला तेव्हा मुलं जमिनीवर वाकलेली होती. साठीचा, ठेंगणा, हसरा माणूस. त्याने हात पुढे केला आणि मी त्या हातात जाकीट ठेवलं. राग नाकावर होताच. शिवाय मनात म्हटलं, याचा एकट्याचा रंग काय बिघडवणार आहे? त्याने कारखान्याचं नाव भरतकामात पाहिलं, खूश झाला आणि घालून उभा राहिला. त्याच्यामागे छातीएवढी रिकाम्या डब्यांची थप्पी होती.

मुलांची आणि सरांची नजर रोबोवरच होती, जाकिटाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि सरांनी शिट्टी वाजवली. हावरट सुटला. पहिली चकती, दुसरी, तिसरी, सगळं व्यवस्थित. मालकाने मावशीकडे बघून मान डोलावली आणि माझा जीव जरा भांड्यात पडला. मग रोबो चौथ्या चकतीसाठी वळला आणि वळता वळता थांबला. त्याला आयुष्यात कधी एवढी मोठी चकती दिसली नव्हती.

तो सरळ मालकाकडे निघाला. मालक आधी हसला, एक पाऊल मागे सरकला, आणि त्याची पाठ डब्यांना टेकली. लोखंडी हात वर उठला. उंच मुलगा ओरडला, "वळेल, वळेल आता." सर काहीच बोलले नाहीत.

मी टाचणीकडे पाहिलं. बटण दाबलं की खेळ खलास, हे मला माहीत होतं. पुन्हा सगळं जुळवून सुरू करायला पाव तास लागतो आणि आमच्याकडे पाच मिनिटंही उरली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे फक्त शुक्रवार होता. मी दोन्ही हात हलवले. "नको दाबू," म्हटलं. आवाज फुटला की नाही आठवत नाही, हात मात्र हलले.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने दाबलं.

हात मालकाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थिजला. मालकाने जाकीट काढलं, नीट घडी केलं आणि माझ्या हातात दिलं. "बघतो," एवढंच म्हणाला आणि घड्याळ बघत आत गेला.

रोबो व्हॅनमध्ये चढवून आम्ही निघालो. मला गप्प बसता येत असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "दोन सेकंद थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गुडघा," टाचणी म्हणाली. मग घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

ती रात्र आणि गुरुवारची सकाळ मी कशी काढली ते मलाच माहीत. एका बाईच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. चूक माझी होती हे मला बुधवारीच समजलं होतं, पण कबूल करायचं म्हटलं की मी उगाच भांडी आदळायची.

दुपारी मालकाचा फोन आला.

"तुमचीच मुलगी ना बटणावर?" त्याने विचारलं.

"हो. साहेब, ते जाकीट मी दिलं होतं. मुलांची चूक नाही. पोरं नको म्हणत होती."

"ते कळलं मला. तुम्ही तिला हाताने खुणावत होता, तेही दिसलं. माझ्यासमोरच उभ्या होता तुम्ही."

हातातली कात्री मी खाली ठेवली.

"माझ्याकडे मशीन बंद करायला घाबरणारीच माणसं जास्त आहेत," तो म्हणाला. "साहेब काय म्हणेल, माल कमी निघेल, म्हणून थांबतात. तुमची मुलगी आईसाठीही थांबली नाही. पैसे आज संध्याकाळी जमा होतील. सरांना सांगा." आणि थोडं थांबून, "जाकीट छान होतं."

मी दुकानाला कुलूप लावलं आणि शाळेपर्यंत जवळजवळ पळत गेले. वर्कशॉपमध्ये सगळे होते, मावशीसुद्धा. मी पैशांचं सांगितलं आणि पोरांनी खोली डोक्यावर घेतली. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. टाचणी हसत होती. दोन महिन्यांत तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला कशाचंच दुःख नव्हतं.

मग सरांनी फॉर्म पुढे ओढला. "ताई, दुसऱ्या मोठ्या माणसाचं नाव आत्ताच भरून टाकू. सामन्याच्या वेळी त्याने बटणावरच्या मुलाशेजारी उभं राहायचं असतं. तुमचंच लिहितो."

टाचणीचं हसू थांबलं. तिने एक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्याचं टोक बघत बसली.

"मावशींचं लिहा," मी म्हटलं. "नर्स आहेत, बरोबर असलेल्या बऱ्या. मला दुकान सोडता येणार नाही."

"अहो काकू, असं काय," उंच मुलगा म्हणाला. जुळ्याही काहीतरी म्हणाल्या. सर पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी टाचणीकडे बघत होते. 'नाही, आईच येणार' असं तिने एकदा म्हणावं, म्हणून मी थांबले होते. तिने म्हटलं असतं तरी मी गेले नसते, हे खरं आहे.

ती काही बोलली नाही. सरांनी मावशीचं नाव लिहिलं.