डावीकडची सीट

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. शिकायला येणारी पोरं माझ्या पाठीमागे मला ‘ब्रेकबाई’ म्हणतात आणि त्यांना वाटतं, बाईंना याचा पत्ता नाही. म्हणू देत. माझ्या त्या ब्रेकमुळे किती जणांची हाडं आज जागच्या जागी आहेत, हे त्यांना कुठे माहीत आहे!

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, थोड्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दारात उभी असलेली पांढरी गाडी. शनिवारी सगळ्या पोरांना एकत्र बसवते आणि गाडीला हात न लावता शिकवते. सतरा-अठरा वर्षांची पोरं. क्लच-गिअर त्यांना चार दिवसांत येतो. त्यांचं डोकं ताळ्यावर ठेवणं, हे खरं काम.

त्या शनिवारी मी विचारलं, “समजा, कोणी तुम्हाला कट मारला. काय कराल?”

एक उंच मुलगा, ज्याला सगळे खांब म्हणतात, तो म्हणाला, “पुढच्या सिग्नलला गाठतो त्याला, मॅडम.”

“गाठलंस. मग?”

“मग विचारतो.”

“काय विचारतोस? तब्येत?”

वर्ग खिदळला. मी म्हटलं, “तो खाली उतरलाय. त्याच्या हातात पाना आहे. हं, आता विचार.” खांब खुर्चीत जरा बुटका झाला.

मग मी नेहमीचं सांगितलं. काच वर, दारं लॉक, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, जिथे माणसं असतील तिकडे गाडी घालायची. थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर सोडायचं, म्हणजे निसटायला वाट राहते. आणि माझा सगळ्यात मोठा नियम, ज्याला पोरं आधी फिदीफिदी हसतात: गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलायचं. पुढे बस. डावीकडे सायकल. मागे ट्रक, लांब आहे. राग आला की आधी तोंड बंद होतं. रागावलेल्या माणसाला समोरचा एकच माणूस दिसतो, बाकीचा रस्ता दिसेनासा होतो. म्हणून शेजारचा पोरगा गप्प झाला, की मी मुकाट माझ्या ब्रेकवर पाय ठेवते.

मागच्या खुर्चीवर माझी मुलगी बसली होती. हे सगळं तिला तोंडपाठ. ती माझ्या ओठांबरोबर ओठ हलवून मला चिडवत होती.

तिला आठवड्यापूर्वी लायसन्स मिळालं. कॉलेज बायपासच्या पलीकडे, बस दोनदा बदलावी लागते, तेव्हा सोमवारपासून घरची गाडी घेऊन एकटी जायचं, असं तिने आणि तिच्या बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. तिचे बाबा चष्म्याचं दुकान चालवतात. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसण्याची व्यवस्था करतात, पण स्वतःच्या पोरीचा स्वभाव काही त्यांना दिसत नाही. म्हणजे दिसतो, पण ते कौतुकाने तिला ‘ठिणगी’ म्हणतात. अडकलेल्या चेनशी भांडणारी पोरगी. टीव्हीवरच्या माणसाला सोफ्यावरून दटावणारी. उद्या बायपासवर कोणी कट मारला तर ही काय करेल, या विचाराने मला जेवण जाईना.

“तुम्हाला कसली चिंता म्हणून नाही,” मी म्हटलं. “ठिणगी म्हणे! आग लागली तर?”

“ठिणगी कुठून उडाली, ते अख्ख्या घराला ठाऊक आहे,” ते म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

मी बोलणं वाढवलं नाही. फक्त अट घातली. रविवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत, घरच्या गाडीतून मला बायपासवरून फिरवून आणायचं. सगळा वेळ बोलत. मध्येच गप्प झालीस, तर किल्ली माझ्याकडे आणि सोमवारी बस.

“चालेल,” ठिणगी म्हणाली. तिच्या तोंडावर ‘त्यात काय एवढं’ होतं.

घरची गाडी निळी, जुनी. तिला ब्रेक एकच. मी डावीकडे बसले, बेल्ट लावला आणि माझा उजवा पाय सवयीने पुढे गेला, तर खाली नुसतं रबराचं पायपुसणं. इतकं ओकंबोकं वाटलं की काय सांगू! मी पाय मागे घेतला, ती बघायच्या आत.

“पुढे रिक्षा, थांबणार बहुतेक,” ती सुरू झाली. “डावीकडे शाळेची भिंत. मागे स्कूटर. उजवीकडून आजोबा रस्ता ओलांडतायत, थांबते. या आजोबा, सावकाश.”

चांगलं चालवत होती. खरं सांगायचं तर झकास चालवत होती. पण माझं लक्ष तिच्या चालवण्याकडे नव्हतंच, मी तिच्या आवाजावर कान लावून बसले होते. जरा श्वास घ्यायला थांबली तरी माझा पाय पायपुसण्यावर.

बायपासला लागलो. दिवे लागायची वेळ. डावीकडे दुधाचा टँकर रांगत होता, म्हणून ती इंडिकेटर देऊन उजवीकडून त्याच्या पुढे निघाली.

“टँकर, अर्धा झाला. मागे काळी जीप. फार जवळ आलीये. डिपर मारतेय.”

“मारू दे.”

“मारू देतेय. टँकर संपला की साइड देते. हॉर्न वाजवतोय. अरे हो, ऐकू येतंय!”

तिच्या आवाजाला धार आली. आरशात जीपचे दिवे एवढे मोठे झाले की गाडीत उजेड पडला. ठिणगीने डावा इंडिकेटर दिला. टँकर मागे पडला आणि आम्ही डावीकडे सरकणार, तेवढ्यात जीप आमच्या डाव्या बाजूने घुसली, टँकरच्या अगदी नाकासमोरून. माझ्या कानाशी फाडकन आवाज झाला. माझ्या बाजूचा आरसा दुमडून वायरीला लटकला. आणि जीप आमच्या पुढे येऊन, मुद्दाम, करकचून ब्रेक मारून उभी राहायला लागली.

ठिणगी गप्प झाली.

मी सगळी ताकद लावून पायपुसणं दाबलं. गाडी थांबेना. कशी थांबेल? आणि त्या क्षणी मला जे दिसलं, त्याने माझं काळीज हललं. तिचा पाय ब्रेकवर होता, पण दाबत नव्हता. ती वाट बघत होती. कारण आजवर अशा वेळी गाडी आपोआप थांबायची. पांढऱ्या गाडीत माझा पाय तिच्या आधी पडायचा, नेहमी, आणि मला त्याचा अभिमान होता. मी पोरीला गाडी शिकवली आणि थांबायचं काम मात्र स्वतःकडे ठेवलं!

“दाब!” मी किंचाळले. तिने दाबला. बेल्ट माझ्या खांद्यात रुतला. जीपच्या मागच्या दिव्यांपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो आणि जीप भुर्रकन निघून गेली.

वाचलो. एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझी पोर आता गेली असती, आणि तो हलकट आरामात चाललाय!

“सोडू नकोस त्याला!” मी ओरडले. “घाल गाडी! नंबर घे! समजतो कोण स्वतःला!” आणि हात लांब करून तिच्या स्टिअरिंगवरचा हॉर्न मी दाबून धरला. सोडलाच नाही. बायपासभर आमचा भोंगा.

गाडी पुढे सरकली. तिचं तोंड अजून बंद. मला वाटलं, आता ही पाय दाबणार. आणि खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं.

मग ती बोलली. आवाज कापत होता.

“पुढे जीप. लांब गेलीये. मागे टँकर, तोही लांब. रस्ता मोकळा आहे. डावीकडे पेट्रोल पंप येतोय.” तिने आरशात बघितलं. “डावीकडच्या सीटवर आई. आई चिडलेली आहे. आईचा हात हॉर्नवर आहे.”

मी चटका बसल्यासारखा हात काढला.

पण उशीर झाला होता. पुढे सिग्नल लाल झाला, जीप तिथे अडकली, तिच्यामागे एक व्हॅन आणि व्हॅनमागे आम्ही थांबलो, आणि जीपचं दार उघडलं. एक आडदांड माणूस उतरला. त्याच्या हातात काहीतरी लांबडं होतं. टॉर्च होता की पाना, देव जाणे. तो आमच्याकडे चालत यायला लागला. जी गाडी त्याला साइड द्यायला निघाली होती, तिच्याकडे तो येत नव्हता. तो माझ्या हॉर्नकडे येत होता.

मी बेल्ट काढला. हात दाराच्या हँडलवर. आता याला दाखवतेच, एवढंच डोक्यात.

टक. चारही लॉक बसले.

“आई, बेल्ट.”

“अगं पण त्याने आपला—”

“बेल्ट लाव!” तो माझाच आवाज होता, वर्गातला. मी लावला. “काच वर आहे. त्याच्याकडे बघू नकोस. पुढे व्हॅन, तिची मागची चाकं दिसतायत. मागे टँकर थांबलाय. डावीकडे पंपाचं तोंड, कोणी चालत नाहीये. वळतेय.”

माणूस तिच्या काचेशी पोचला. त्याचं लाल झालेलं तोंड काचेला लागलं, तो काय बरळत होता ते कळत नव्हतं. तिची मान पुढे. हात पांढरे पडलेले. तिने स्टिअरिंग पुरतं डावीकडे फिरवलं, व्हॅनच्या मागे सोडलेल्या त्या जागेतून गाडी हळूच काढली. टपावर त्याने काहीतरी हाणलं, धाड! आम्ही पंपाच्या उजेडात शिरलो. तिथे गाड्यांची रांग, हवा भरणारी बाई, गणवेशातले दोघे. त्या सगळ्यांनी वळून बघितलं. सिग्नल सुटला, जीपमागचे सगळे हॉर्न ठणाणा करायला लागले, आणि तो हातवारे करत परत गेला. जीप दिसेनाशी झाली तरी मी तिकडेच बघत होते.

ठिणगीने हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मग किल्ली काढून माझ्यापुढे धरली. किल्ली किणकिणत होती, तिचा हात एवढा हलत होता.

“घे. मी गप्प झाले होते.”

“आता ते राहू दे, बाळा.”

“ठरलं होतं ना? घे.”

मी हात पुढे केला. माझा हात तिच्याहून जास्त थरथरत होता. तिने ते पाहिलं आणि किल्ली मागे घेतली.

“तू पण नको चालवू. बसू थोडा वेळ.”

आम्ही बसलो. हवा भरणारी बाई काचेपाशी आली, लटकलेला आरसा बघितला, काही न विचारता पाण्याची बाटली आत दिली आणि गेली. लेक घटाघटा पाणी प्यायली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर बेल्ट आडवा आला. तशाच अवघडून आम्ही एकमेकींना धरून राहिलो.

“आई,” ती नाक पुसत म्हणाली, “तू सोडू नकोस म्हणालीस.”

“हो.”

“आणि मी खरंच ऐकलं असतं तर?”

तिचं डोकं मी माझ्या खांद्यावर दाबून धरलं, आणि मला फक्त जीपचे ते लाल दिवे दिसत राहिले, हातभर अंतरावरचे.

“मला उद्याची खूप भीती वाटत होती,” ती म्हणाली. “तुला सांगितलं नाही. एकटीने जायचं, शेजारी तू नसणार.”

“मग नको जाऊ. बसने जा. मी सोडते हवं तर.”

“नाही गं.” ती सरळ बसली. माझ्याकडे न बघता, फार हळू म्हणाली, “आता जरा कमी वाटतेय.”

तिने ते मला टोचायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते. तिने ते नुसतं खरं होतं म्हणून सांगितलं.

हात थांबल्यावर उरलेला रस्ता तिनेच चालवला, बोलत बोलत. घरी बाबांनी आरसा बघून “हे काय?” विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “ठिणगी माझ्याकडून उडाली. हिने विझवली.” आणि सगळं सांगितलं, हॉर्नसकट.

सोमवारी सकाळी किल्ली मीच तिच्या हातात दिली. द्यायची नव्हती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि तोंडाशी शंभर सूचना आल्या होत्या. त्यातली एकही दिली नाही. मी पायरीवर उभी राहिले.

ती बसली, बेल्ट लावला, नव्याने चिकटवलेल्या आरशात बघितलं. काचा वर होत्या, त्यामुळे ऐकू काही येत नव्हतं. पण तिचे ओठ हलायला लागलेले दिसले. गाडी गेटमधून बाहेर पडली, कोपऱ्यावर थांबली, इंडिकेटर लुकलुकला. डावीकडची सीट रिकामी होती. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय पायरीवर गच्च दाबलेला होता. तो उचलायला मला बराच वेळ लागला.