शून्य तक्रारींचा चमत्कार

पाणीपुरवठा कार्यालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावरची लाल रेघ घसरगुंडीवरून यावी तशी खाली आली आणि शून्याला टेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांचे तर डोळे भरून आले.

"फक्त तीन आठवडे!" जनसंपर्क सल्लागार हात पसरून म्हणाले. "रोज चाळीस तक्रारी यायच्या. आपण जुना नंबर बंद केला, नव्या नंबराचं पत्रक घरोघरी वाटलं. आज तक्रारी किती? शून्य! शहरात विश्वासाची लहर उठली आहे. मला ती इथे उभ्या उभ्या जाणवते."

दाराशी उभ्या असलेल्या टेलिफोनवाल्या बाईंना मात्र काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. अठरा वर्षं त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. या सल्लागारांचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी आलेखबुवा ठेवलं होतं. तक्रारीच नाहीत म्हटल्यावर उद्या त्यांचा तक्रार कक्ष बंद करायच्या हुकुमावर सही होणार होती आणि बाई घरी बसणार होत्या. त्याचा घोर होताच. पण त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या नळाला अजून गढूळ पाणी येत होतं, आणि लोक गुपचूप ते पितात हे काही त्यांना पटेना.

संध्याकाळी त्या नवऱ्याची पँट आखूड करायला शिंप्याकडे गेल्या. तेवढ्यात दुकानातला फोन खणखणला.

"बोला. कुठली गल्ली? नुसतं गढूळ की वासही येतो? बरं, लिहिलं." शिंप्याने फोन ठेवला.

"मामा, हे काय नवीन?"

"काय सांगू ताई! तीन आठवडे लोक कात्री हातात धरू देत नाहीत. तुमच्या पत्रकावर शेवटचा आकडा चुकलाय. माझा नंबर छापलाय त्यांनी!"

बाईंनी वही ओढून घेतली. मापांची वही ती. छाती, कंबर, बाही यांच्या शेजारी गल्ली, घर, वास. बाईंना आधी हसू फुटलं, मग रागाने कान तापले.

दुसऱ्या दिवशी साहेब आलेखबुवांना मानचिन्ह देणार, एवढ्यात बाई पुढे झाल्या.

"साहेब, सही करण्याआधी पत्रकावरच्या नंबरावर एक फोन लावता? आवाज सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

साहेबांनी कौतुकाने लावला.

"बोला! पाण्याचं असेल तर गल्ली सांगा, तुमचा नंबर आठशे सव्वीस. कपड्यांचं असेल तर गुरुवारी या."

आलेखबुवांनी घसा खाकरला. "पाहा, लोकांचा सहभाग किती प्रचंड..."

"कोण, सल्लागारसाहेब का?" फोनमधून शिंपी ओरडला. "आवाज ओळखला! नंबर चुकलाय म्हणून तीनदा कळवलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, उचलूच नका. माझी गिऱ्हाईकं काय हवेत बोलणार?"

मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग कुणाला आवरेना. आलेखबुवा वायर गुंडाळू लागले.

"फोन वाजला नाही, याची कारणं दोनच," बाई म्हणाल्या. "पाणी चांगलं आलं, किंवा फोन लागला नाही. त्यातलं कुठलं, ते नळ उघडल्याशिवाय कळत नाही. आपण एकाने तरी उघडून पाहिला का?"

साहेब खाली मान घालून बाईंनी शिंप्याच्या वहीतून उतरवून आणलेली यादी चाळत राहिले. हुकूम त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला.

चमत्कार दाखवणारा भगवंच नेसतो असं थोडंच आहे? तो कोट घालून पडद्यावर रेघाही दाखवतो. तेव्हा टाळी वाजवण्याआधी विचारा: साधायचं काय होतं, ते आधी ठरवलं होतं का? आणि मोजलं कुठे? विचारायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात नवी पत्रकं गेली. बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला, तर पलीकडून पहिलीच सणसणीत शिवी आली.

"बोला," बाई हसत म्हणाल्या, "कुठली गल्ली?"