आत्म्याची चौकट

देवपूरच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कौतिकबाबांचा दरबार भरला होता. बाबांच्या एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला हळदकुंकू वाहिलेला कॉम्प्युटर.

"सायन्सवाले चंद्रावर गेले, पण आत्म्यापर्यंत पोचले का?" बाबा गरजले. "आपला कॉम्प्युटर पोचला! वर नाव टाका. खाली आत्म्याच्या चौकटीत तेच नाव उमटलं, तर माणूस शुद्ध. नाही उमटलं, तर आत दुसराच कोणी बसलाय!"

मंजुळाबाईंनी सुनेला, मोहिनीला, पुढे बसवलं. बाळंतपणानंतर तिला झटके येत होते, तोंडाला फेस यायचा. बाबांचा चेला चंदन याने वरच्या चौकटीत 'मोहिनी' टाइप केलं. खाली जाळीसारखी खूण आली, पुढे इंग्रजीत 'नेम' आणि प्रश्नचिन्ह.

"पाहा! यंत्र भुताला नाव विचारतंय!" बाबांनी साखळी उचलली. "बोल, तुनं नाव काय शे?"

"मोहिनी."

साखळी पाठीवर बसली. "खोटं! नाव काय शे?"

"मोहिनीच शे, बाबा... माय वं!"

पुढचा फटका कानावर बसला. रक्त मानेवरून पदरात उतरलं. लोक जयजयकार करत होते. सुनेचे हात मंजुळाबाईंनीच घट्ट धरले होते.

एवढ्यात मोहिनीची थोरली बहीण मेघा गर्दी फोडून आत शिरली. धुळ्यातल्या एका दवाखान्यात ती कॉम्प्युटरवर पेशंटच्या नोंदी सांभाळायची. बहिणीला भेटायला तिच्या सासरी गेली, तर शेजारणीने इथला पत्ता सांगितला. तिने वरच्या वर साखळी पकडली. तळहात फाटला, पण तिने सोडली नाही.

"हिलाही लागलंय!" बाबा ओरडले. "चंदन, टाक हिचं नाव!"

मंजुळाबाईंनी नाव सांगितलं; तीच खूण आली. दोघांनी मेघाचा हात पिरगाळून तिला खाली पाडलं. कोणीतरी बरगडीत लाथ घातली. जमिनीवरून तिला पडदा दिसला आणि ती खूण तिने ओळखली. दवाखान्यात अशीच खूण आल्यावर बिघाड दुरुस्त करायला तिने सबंध दिवस घालवला होता.

"थांबा!" ती किंचाळली. "आता या लोखंडी खांबाचं नाव टाका!"

मग प्रेमराज टेम्पोवाला पुढे झाला. त्यानेही बायकोला, सारिकाला, इथे आणलं होतं. इथल्या मारानंतर तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं.

"टाकू द्या ना, बाबा," तो म्हणाला. "देवाचं यंत्र शे, मग भ्यायचं कशाला?"

त्याने चंदनची कॉलर धरली. चंदनने 'खांब' टाकलं. तीच खूण. 'साखळी' टाकलं. तीच खूण. चौकट रिकामी ठेवली, तरी तीच.

"खांबात कोणाचा आत्मा बसलाय, बाबा?" मेघाने विचारलं. ती उठली, रक्ताळलेल्या हाताने माउस धरला आणि पडद्यावरच्या त्या चौकटींच्या फॉर्मची आतली बाजू उघडली. "खालची चौकट एका ठरावीक नावाच्या कप्प्यातून माहिती आणते. कप्प्याचं नाव इथे मुद्दाम एका अक्षराने चुकवलंय. कप्पा सापडत नाही, म्हणून यंत्र त्याचं नाव विचारतंय, भुताचं नव्हे!" तिने अक्षर सुधारलं. मग ती एकेक नोंद मागे जात गेली. खाली स्वच्छ नावं उमटत होती: साखळी, खांब. मेघा, मोहिनी, मग आधीच्या साऱ्या बायका. एका नोंदीवर सारिका.

"फॉर्म दोन आहेत," चंदन पुटपुटला. "घरचे घाबरलेले दिसले, की बिघडलेला उघडायचा."

प्रेमराजने साखळी हिसकली आणि बाबांच्या तोंडावर हाणली. दात पडला. लोक बाबांवर तुटून पडले. मघाशी जयजयकार करणारेच ते.

मेघा आडवी आली. "नको! मारून खरं कळत नाही! पोलिसांना फोन करा, टेम्पो काढा!"

प्रेमराजचा हात हवेतच थांबला. तो मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठून त्याने टेम्पो काढला.

दवाखान्यात मंजुळाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, काही लागीर तर नाही ना?"

"फीट येते. गोळ्यांनी बऱ्याचदा आटोक्यात राहते," डॉक्टर मोहिनीचा कान शिवत म्हणाले. "ही जखम मात्र कोण्या भुतानं केलेली नाही, आक्का. मनगटांवर बोटांचे वळ आहेत. हिचे हात कोणी धरले होते?"

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

वाचकहो, यंत्र बिघडलं तर यंत्र उघडून पाहा, शरीर बिघडलं तर डॉक्टर गाठा. आणि कोणी चमत्कार सांगून माणसावर हात उगारला, तर तो हात खाली येण्याआधी प्रश्न विचारा.