सगळ्यांची एकच साडी

कोरोनात एकही माणूस न दगावलेला वृद्धाश्रम मेहकरच्या बाहेर आहे. फाटकावर तसा भलामोठा फ्लेक्सच लावलाय. त्या फ्लेक्सवर मी थुंकले नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता.

माझी आई केसरबाई तिथे होती. तिला विसरण्याचा आजार. भर उन्हात घराबाहेर पडायची आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. मी मलकापूरला शाळेत शिकवते. तिच्यामागे दिवसभर कोण राहणार? म्हणून तिला तिथे ठेवलं. पुढे लॉकडाऊन लागला आणि फाटक बंद झालं. बाहेरून रोग येईल, भेटायला येऊ नका, असं संचालक चंद्रशेखर सर म्हणाले. ते पटलंही मला.

बुद्ध पौर्णिमेला आईला नवी पांढरी साडी लागतेच. मी साडी घेतली, तिच्या काठाला निळा दोरा स्वतः घातला आणि पार्सल फाटकाबाहेर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. आई त्याच साडीत, केस नीट विंचरलेले. मागून सरांचा आवाज, "केसरबाई, हसा." मला आनंदाने रडू आलं. पुढे प्रत्येक कॉलला ती त्याच साडीत दिसायची. आवडली असेल म्हातारीला, असं मी समजत होते.

फाटक उघडलं त्याच दिवशी सरांचा 'कोरोना योद्धा' म्हणून सत्कार होता. मांडव, माईक, शाल-श्रीफळ, सगळा थाट. फाटकाशी मला महादेवराव भेटले. खेड्यातले कास्तकार, वय झालेलं. त्यांची बायको कौशल्याबाई आईच्याच खोलीत होती, तिलाही तोच आजार. त्यांच्याकडे बटनाचा फोन, त्यामुळे दोन वर्षांत त्यांनी बायकोचं तोंड पाहिलं नव्हतं. 'ठीक हायेत, झोपल्या हायेत' एवढंच ऐकलं होतं. पिशवीत हिरव्या बांगड्या आणि कुंकवाची डबी घेऊन आले होते.

आम्ही दोघं फ्लेक्सपुढे थांबलो. व्हिडिओ कॉलमधले म्हाताऱ्यांचे फोटो त्यावर ओळीने छापले होते. सगळ्यांच्या अंगावर पांढरी साडी. काठाला निळा दोरा, आणि टाके माझेच, वाकडेतिकडे.

"मॅडम," महादेवराव म्हणाले, "माह्या कौसल्येच्या आंगावर पांढरं काऊन? मी जित्ता हाय ना!"

आमच्या घरी पांढरं म्हणजे पौर्णिमेचं वस्त्र. त्यांच्या घरी नवरा गेला की बाईच्या अंगावर पांढरं येतं. हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. मी सरांना गाठलं. ते हसले. "साडी ती साडीच हो मॅडम. धुणंवाली येत नव्हती. कॅमेऱ्यात तरी स्वच्छ दिसायला नको?" साडी त्यांच्या ऑफिसात हँगरला होती. माणसांना आंघोळ नव्हती, साडीला इस्त्री होती. वरून कीर्तन, आतून तमाशा.

खोलीला बाहेरून कडी होती. आतल्यांना मास्क कळत नाही, अंतर कळत नाही, म्हणून घातलेली. रोग ओसरला तरी कडी तशीच. तिथे काम करणाऱ्या वच्छलाबाईने ती काढली. मुताचा वास, त्यावर फिनेलचा वास. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. उवा झाल्या म्हणून डोकं भादरलेलं, गुडघे आखडून गेलेले. मी हाक मारली, तिने मान वळवली नाही. दुसऱ्या खाटेवर कौशल्याबाई. कपाळ मोकळं, हात मोकळे.

"कौसल्ये," महादेवरावांनी हाक मारली.

"कोन हाय? बाप्या मानूस आत काऊन आला?"

"मी हाय. तुहा मालक."

"माहे मालक गेले," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी वच्छलाबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "देनगी देनाऱ्यायच्या कॉलसाठी हिले ते साडी नेसोली का रडे. इचारे, मालक गेले का वं? पह्यले आम्ही नाही म्हनत होतो. पन सगळ्यायले दोनच बाया आम्ही, किती वेळा समजावाव? हो गेले, असं म्हनलं का मुकाट बसे."

"आणि पुढच्या कॉलला?"

"पुन्हा इचारे. पुन्हा सांगो. बांगड्या तिनंच भिंतीवर फोडल्या."

मला किळस आली. वासाची किळस आंघोळ केली की जाते, ही अजून गेलेली नाही. एका बाईचा नवरा जिवंत असताना तिला पुन्हा पुन्हा विधवा केलं, कशासाठी, तर कॅमेऱ्यापुढे तिने गप्प बसावं म्हणून!

महादेवरावांनी बांगड्या पुढे केल्या. तिने हात पाठीमागे लपवले. "रांडमुंड बाईले बांगड्या दाखोता? लाज नाही वाटत?" त्यांनी लग्नाची आठवण काढली, लेकरांची नावं घेतली, बैलांची घेतली. ती संतापून खाटेच्या टोकाला सरकली.

बाहेर माईकवर 'एकही मृत्यू नाही' आणि टाळ्या. सर दारात आले, नाकाला रुमाल लावून. "काका, नातेवाइकांतर्फे शाल तुमच्या हातून द्यायची आहे. चला."

"मी मेलो हाय सायेब," महादेवराव म्हणाले. "मेलेला मानूस शाल कशी देईन? हिले मी घरी घेऊन जातो."

सर गेले. पण कौशल्याबाईने खाटेची दांडी घट्ट धरली. "परक्या मानसासंगं मी येनार नाही."

 महादेवरावांनी बांगड्या आणि कुंकवाची डबी पिशवीत परत ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि हात जोडले.

"वैनी," ते म्हणाले, "मी तुमचा दीर. दादा जातानी सांगून गेला, वैनीले घरी घेऊन ये."

तिने दांडी सोडली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांचा हात न धरता, माझा हात धरून उठली. वच्छलाबाईने आईला उठवून माझ्या अंगावर टेकवलं, दुसऱ्या हाताने मी तिला सावरत होते. दारापर्यंत आल्यावर कौशल्याबाई थांबली.

"भावजी, त्यायले शेवटी पानी पाजलं का कोनं?"

"हाव वैनी," महादेवराव म्हणाले. "मी होतो ना जवळ."